तीन लाइनींचं फडताळ

जबलपूरच्या अधारतालमधल्या घरात स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामधल्या जाड भिंतीत एक खोल फडताळ होतं. सागवानी दारं, पितळी कडी, आत भर दुपारीही थंडावा. वरच्या खणात लोणच्यांच्या बरण्या, खालचे तीन खण सरबतांचे. आम्ही भावंडं, सख्खी, चुलत आणि सुट्टीत येणारी आते-मामे धरून, त्या घरात वाढलो. आज कोणी पिंपरीला आहे, कोणी बंगळूरला, एक जण न्यू जर्सीत. पण फोनवर कोणी नुसतं 'फडताळ' म्हणालं तरी बाकीच्यांना दुसरं कुठलं फडताळ आठवत नाही. कुठल्या खणात डाव्या हाताला काय होतं हे अजून प्रत्येकाला सांगता येतं, आणि त्यावरून वादही होतात.

ते फडताळ भरणारी पिढी आता जवळजवळ संपली. आजी, दोन काकू, आई आणि शेजारची चाची यांची ती विद्या होती. तिला विद्या मात्र कोणी म्हटलं नाही. बायकांचा उन्हाळ्यातला उद्योग, एवढीच तिची नोंद. मला ती त्याहून फार मोठी वाटते. मुलखाबाहेर राहिलेल्या एका मराठी घराने आपलं काय जपलं आणि तिथल्या मातीतलं काय उचललं, याचा सगळा हिशेब त्या बाटल्यांत होता.

जबलपुरातली मराठी वस्ती जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७-१८ च्या लढायांनंतर इंग्रजांकडे गेला, पण माणसं राहिली. पुढे मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालायचा, त्यामुळे नागपूरहून जबलपूरला बदली होणं म्हणजे एकाच घरात माजघरातून ओसरीवर येण्यासारखं होतं. आजोबा असेच बदलीवर आले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि आजोबाही राहिले. गोलबाजारात दत्तमंदिर होतं, मराठी शेजार होता, गणपतीत दहा दिवस कार्यक्रम होते. परत जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

अधारताल तेव्हा गावाच्या कडेला. राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह, त्याच्या नावाचा हा तलाव. राणीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल, दिवाणाचा अधारताल, ही गोष्ट जबलपूरच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असते. १९६४ साली इथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय सुरू झालं, मधले काका तिथल्या प्रयोगशाळेत लागले, आणि आजोबांनी तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर बांधलं. थोरले काका खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, वडील विद्युत मंडळात. तिघांच्या बायका एका स्वयंपाकघरात, वर आजी.

आणि रेल्वे. मुंबईकडून आलेली लाइन आणि अलाहाबादकडून आलेली लाइन १८७० साली जबलपुरात जोडल्या गेल्या, तेव्हा कुठे मुंबई-कलकत्ता सलग आगगाडी झाली. शाळेत आम्ही हे सनावळीत पाठ केलं. घरी त्याचा अर्थ असा होता की मुंबई-हावडा मेलने कोकणातलं आमसूल यायचं, आणि त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाकडून, अलाहाबादेहून, चाचीच्या माहेरचा सिरका यायचा. तिसरी ती छोटी लाइन, गोंदिया-नैनपूरकडची नॅरोगेज, जी २०१५ साली बंद झाली. तिने पांढुर्ण्याच्या मावशीची संत्री छिंदवाडा-नैनपूर करत यायची. या तीन लाइनींचे तीन खण. हे आम्ही मोठेपणी जुळवलं; काकूंनी काही नकाशा समोर ठेवून बाटल्या लावल्या नव्हत्या.

कोकमाचा खण सर्वांत लहान. आत्या देवरुखला दिलेली. मेच्या शेवटी तिचं बोचकं यायचं. त्यात आमसुलं, आगळाची एक बाटली आणि अमृत कोकमाची चिनीमातीची बरणी. कोकमाच्या वाट्या करून त्यात साखर दाबून भरायची आणि बरणी उन्हात ठेवायची, की आठवड्याभरात साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. पाणी नाही, आच नाही. आजी ही बरणी जपून वापरायची. माहेरचं कोणी आलं, कोणाला पित्त झालं, तरच. आमच्या वाट्याला यायची ती पाक काढून घेतल्यावर उरलेली सालं. ती जिरं-मीठ लावून वाळवलेली असायची आणि शाळेच्या डब्यात चोरून जायची.

संत्र्याचा खण हिवाळ्यात भरायचा. सौंसर-पांढुर्ण्याकडे नागपूरसारखीच संत्री होतात, आणि ती मंडळी बोलतातही आपल्यासारखंच. मावशी सुतळीने शिवलेली करंडी पाठवायची. वाटेत दबलेली, डागलेली फळं खायला न देता रसाला जायची. इथे मधल्या काकांचा प्रवेश व्हायचा. विश्वविद्यालयात शिकलेलं सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून फडताळाच्या दाराला आतून डकवलं होतं. ती चिठ्ठी आम्हाला पाठ आहे: रस एक लिटर, साखर पावणेदोन किलो, पाणी एक लिटर, सायट्रिक आम्ल वीस ग्रॅम. पाक आधी करायचा, गाळायचा, पूर्ण गार करायचा आणि मगच रस घालायचा. त्याखाली लाल शाईने: फिक्या रसाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रंगीत रसाला सोडियम बेंझोएट, अदलाबदल करू नये. अदलाबदल का करू नये हे त्यांनी आम्हाला एकदा वाटीत करून दाखवलं. फालशाच्या रसात मेटाबायसल्फाइटची चिमूट टाकली आणि तो सुंदर किरमिजी रंग आमच्या डोळ्यांदेखत उडाला. त्या पुडीतून सुटणारा गंधक-वायू किडीला मारतो तसा रंगालाही खातो.

बाजारच्या स्क्वॅशमध्ये किमान चतुर्थांश रस असावा असा १९५५ च्या फळपदार्थ आदेशाचा दंडक होता. काका ते सांगायचे आणि थोरली काकू म्हणायची, "चतुर्थांशात काय चव लागणार!" आमच्या बाटलीत रस जास्तच असायचा. साखरेची मात्र ओढाताण. रेशनच्या साखरेवर तीन बिऱ्हाडांचा चहा भागायचा नाही, तिथे सरबताला कुठली उरणार? मग डिसेंबरपासून डबा बाजूला पडायचा. रोजच्या चहातून एकेक चमचा त्यात जायचा आणि चहा फिका का, असं त्या दिवसांत कोणी विचारायचं नाही.

फालसा हे जबलपूरचं आमच्यावरचं पहिलं उपकार-फळ. महाराष्ट्रातल्या किती घरांना ते माहीत असेल कोण जाणे. करवंदाहून लहान, वाटाण्याएवढं, जांभळट तांबडं, आंबटगोड. मेमध्ये दुपारी ऊन पांढरं होऊन गल्ल्या ओस पडल्या की तेवढ्यात फालसेवाला ओरडत जायचा. टोपलीवर ओलं फडकं, पानाच्या द्रोणात मूठभर फालसे, वर काळं मीठ. हे फळ एका दिवसाहून जास्त टिकत नाही. सकाळी तोडलेलं संध्याकाळी पाणी सोडतं. म्हणून घरात फालसे आले की बाकीची कामं थांबायची. परातीत ओतून निवडायचे, गार पाण्यातून काढायचे, थोडं पाणी शिंपडून हाताने कुस्करायचे आणि आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचे. काकूंची बोटं चार-चार दिवस जांभळी राहायची. फालसा शिजवायचा नाही, हा नियम. आच लागली की त्याचा सुगंध जातो आणि रंग विटकरी होतो. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यालाही लावायचा नाही, कळकतो. त्यासाठी एक एनॅमलचं पातेलं होतं, निळ्या काठाचं, जे वर्षभर उलटं टांगून ठेवलेलं असायचं आणि मेमध्ये खाली उतरायचं.

ही सगळी सरबतं कितीही जपली तरी पावसाळ्यापर्यंतची. एखादी बाटली फसफसायची, बूच उडायचं, भिंतीवर डाग पडायचा. वर्ष काढणारा आंबटपणा आमच्या घरात आला तो भिंतीपलीकडून.

चाचीचं माहेर अलाहाबादचं. चाचा थोरल्या काकांबरोबर खमरियाला. दोघं एकाच सायकल-घोळक्यातून पहाटे निघायचे. दोन घरांच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत होती, आणि तिच्यावर चाचीच्या बरण्या ओळीने उन्हात बसलेल्या असायच्या, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला. त्यात जांभळाचा सिरका. थोरल्या काकूला त्या वासाचं कुतूहल वाटलं आणि आजीला तिटकारा. आजीचं म्हणणं सरळ होतं. फळ सडवलं की आधी दारू होते. ती पुढे कितीही आंबली तरी दारूच. असं काही सोवळ्याच्या स्वयंपाकघरात येणार नाही.

आजीच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग अगदी बरोबर होता. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच; ते रसातल्या साखरेची दारू करतं. मग हवा मिळाली की दुसरे जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात हे फ्रान्समधल्या सिरक्यावर तपासून दाखवलं. चाचीने पाश्चर वाचला नव्हता, पण दोन टप्पे तिला वासावरून कळायचे. पहिल्या आठवड्यात बरणीतून फेस येतो आणि वास मोहाच्या दारूकडे जातो. तो वास पालटून नाकाला झोंबायला लागला की दुसरा टप्पा सुरू. "ढक्कन मत लगाना, इसको हवा चाहिए," हे तिचं पहिलं वाक्य, आणि काकूने ते आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलं, हिंदीतच.

आजीचा विरोध मोडला मधल्या काकांनी, तोही तिच्याच औषधाने. आजी रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घ्यायची. काकांनी एका रात्री बाटलीवरची चिठ्ठी तिला मोठ्याने वाचून दाखवली. आसव म्हणजे द्राक्षं आणि गूळ मडक्यात आंबवून आपोआप तयार झालेलं मद्य. सिरका त्याच्याही पुढचा, ज्यात मद्य उरत नाही. आयुर्वेदात त्याला शुक्त म्हणतात, हेही सांगितलं. आजी दोन दिवस बोलली नाही. मग तिने निवाडा दिला: सिरका घरात येईल, खालच्या खणात राहील, नैवेद्याला लागणार नाही. तो निवाडा शेवटपर्यंत पाळला गेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हंच व्हायचं, वेलची-केशराचं, आणि चाची त्या दिवशी आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला हक्काने यायची. ती पन्ह्यात काळं मीठ मागायची. आजी तिच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवायला कधी विसरली नाही.

मग जुलैत जांभळं यायची. पहिल्या दोन पावसांनंतरची, टपोरी, रसाळ. चाचीच्या देखरेखीखाली काकूने शिकलेली रीत अशी. जांभळं एकदाच, हलक्या हाताने धुवायची. चोळून धुतली तर सालीवरचं ते यीस्टही जातं. हातानेच कुस्करायची, बी फुटू द्यायची नाही, नाहीतर तुरटपणा उतरतो. रस गाळून बरणीत पाऊण भर घालायचा. जांभळात साखर बेताची, म्हणून करेली गावचा गूळ थोडा. बरणीला दादरा बांधायचा, दुहेरी, कारण चिलटं कुठूनही शिरतात. दिवसा ऊन, पावसाची सर आली की आत. ही आत-बाहेर करण्याची पाळी आमची, आणि अभ्यास टाळण्याची ती एकमेव मान्य सबब होती. आठवड्याने गाळायचा, पुन्हा महिन्याने. वर पांढरट साय धरते, ती हलवायची नाही. हळूहळू ती जाड होऊन बुडते आणि नवी धरते. श्रावण जाईपर्यंत रस काळसर, मग दसऱ्याच्या सुमारास निवळतो. साका खाली बसतो आणि वर उरतं ते माणकाच्या रंगाचं, नितळ, झणझणीत पाणी. दिवाळीच्या आधी चाची येऊन चमच्याने चाखायची, डोळे मिटायची आणि मान हलवायची किंवा हलवायची नाही. तिने मान हलवली नाही तर बरणी आणखी महिनाभर उन्हात.

सिरक्याचं सरबत चाचीकडे पिढीजात होतं, सिकंजबीन. साखरेचा पाक करायचा, चार वाट्या साखरेला दोन वाट्या पाणी, त्यात वाटीभर सिरका, मंद आचेवर थोडा वेळ, खाली उतरवून पुदिन्याची जुडी बुडवायची, गार झाल्यावर काढून टाकायची. प्यायला देताना पाणी, बर्फ आणि वर काकडीचा बारीक कीस. हे पेय फार जुनं आणि फार हिंडलेलं. ग्रीक वैद्य मध आणि सिरका औषध म्हणून द्यायचे, तिथून ते इराण-अरबस्तानात गेलं आणि युनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आलं. बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांतही रासबेरी, चेरी अशी फळं सिरक्यात भिजवून, साखर घालून बाटल्या भरून ठेवायचे. उष्ण हवेत फळाचा रस टिकवायला साखर आणि आम्ल या दोन गोष्टी माणसाच्या हाताशी होत्या, आणि सिरक्यात आम्ल फुकट मिळायचं.

थोरल्या काकूने यात स्वतःची भर घातली, आणि आमच्या दृष्टीने त्या घरातला सगळ्यात मोठा शोध हाच. मार्चमध्ये विश्वविद्यालयाच्या आवारातली तुतीची झाडं लालकाळी व्हायची. काका रुमालात बांधून आणायचे. तुतीचा रस कधीच टिकत नसे. तिला स्वतःचा आंबटपणा नाही, दुसऱ्या दिवशी उतरते. काकूने ती गेल्या वर्षीच्या जांभळाच्या सिरक्यात बुडवून दोन रात्री ठेवली, गाळली, रसाइतकीच साखर घातली आणि साखर विरघळेपर्यंतच गरम केली. बेंझोएट नाही, काही नाही. ती बाटली पुढच्या मार्चपर्यंत टिकली. काका चिठ्ठी बघत म्हणाले, आम्ल पुरेसं असलं की पूड लागत नाही. त्या दिवशी काकूने चिठ्ठीच्या खाली पेन्सिलने एक ओळ वाढवली: "सिरक्याला काही नको." ती ओळ लिहिताना तिचा चेहरा कसा होता ते आमच्यापैकी तिघांना नीट आठवतं. घरात पुस्तकातलं, कारखान्यातलं, कचेरीतलं ज्ञान पुरुषांकडून यायचं. हे ज्ञान दोन बायकांनी परसाच्या भिंतीवर तयार केलं होतं.

घरात त्याला नाव पडलं 'तुतीचं आंबट'. ते आलं आणि फडताळाचे तीन खण एकमेकांत मिसळायला लागले. तोवर संत्र्याचं ते संत्र्याचं, कोकमाचं ते कोकमाचं. आता आम्ही पेल्यात जोड्या लावायला लागलो. तुतीचं आंबट आणि संत्र्याचा स्क्वॅश निम्मेनिम्मे, वर गोटीसोडा. फालसा आणि अमृत कोकम. कैरीचा गर आणि सिकंजबीन, भाजलेलं जिरं. त्याला आम्ही 'मिसळ' म्हणायचो, आणि प्रत्येकाची मिसळ ठरलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात गोटीसोड्याच्या बाटल्या फुटताना जो आवाज व्हायचा, त्यासाठी पैसे साठवले जायचे. गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री पाणी शिंपडून गाद्या पडायच्या. त्या आधी लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ गोणपाटात घालून दादा सायकलवरून आणायचा, आई तो मुसळाने फोडायची आणि स्टीलच्या पेल्यांची रांग लागायची. काका लोकांची एक वेगळी बैठक कठड्याशी असायची. छावणीतल्या ओळखीने आलेली रम आणि तुतीचं आंबट, एवढं आम्हाला माहीत होतं, आणि माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

त्याच रमच्या रिकाम्या बाटल्या सरबताला यायच्या. आजीची अट होती, चिंच आणि राख लावून धुवायच्या, मग मोठ्या हंड्यात तळाशी फडकं घालून उकळायच्या, उन्हात पालथ्या वाळवायच्या. बुचं वेगळी उकळायची. भरून झाली की बाटलीची मान वितळलेल्या मेणात बुडवायची. ते मेण बोटाने सोलायला आम्हाला फार आवडायचं, आणि त्यासाठी बाटल्या लवकर संपाव्यात असं वाटायचं.

ऐंशीच्या दशकात घरात रसनाचं पाकीट आलं. आम्ही मुलांनीच हट्ट केला होता, टीव्हीवर जाहिरात बघून. काकूने काही न बोलता करून दिलं. तिच्या सरबतांशी त्याची तुलना करावी असं तेव्हा आमच्या मनातही आलं नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी होत्या. पण पाकीट दहा मिनिटांत होतं आणि सिरका चार महिन्यांत, हा हिशेब घराघरांनी केला, आमच्याही. मधल्या काकूने नोकरी धरली. अनेक परसांतली मडकी त्या वर्षांत रिकामी झाली.

२२ मे १९९७ ची पहाट, भूकंपाची. चार वाजून गेले होते. मे असल्यामुळे निम्मं जबलपूर गच्चीवर, अंगणात झोपलेलं, म्हणून अनेक जीव वाचले, तरी जवळजवळ चाळीस माणसं गेली. जमिनीतून मालगाडी गेल्यासारखा आवाज झाला. आम्ही सगळे अंगणात, आजी मधोमध, चाचीकडची मंडळी भिंतीवरून आमच्याकडे उतरवून घेतलेली. उजाडेपर्यंत आत जायला कोणी धजेना. आणि त्या अंधारात घरातून एक वास बाहेर आला, आधी हलका, मग अंगणभर: सिरका, फालसा, तुती, संत्र्याची साल, सगळं एकत्र. फडताळाची दारं उघडून खालचे खण रिकामे झाले होते. सकाळी आत गेलो तर फरशीवर काचा आणि त्यातून लाल-जांभळा ओघळ पडवीपर्यंत गेलेला, त्याला मुंग्या. चाचीने चिनीमातीच्या एका बरणीचा तळ शोधून काढला. त्यात वाटीभर सिरका आणि सिरक्याची जाड साय शिल्लक होती. तिने ती फडक्यात धरून उचलली आणि नव्या बरणीत घातली. आज आमच्या घरांत जो काही सिरका होतो तो त्या सायीचा.

ही साय पुढे कुठे कुठे गेली ते सांगायला हवं. चाची गेली, थोरली काकू तिच्यानंतर काही वर्षांनी. अधारतालचं घर वहिनी सांभाळते. फडताळ आहे, त्याला आता जाळीची दारं आहेत. चाचीची सून आणि वहिनी मिळून दर जुलैत एकच मोठी बरणी घालतात. पिंपरीच्या बहिणीने सायीचा तुकडा काचेच्या बाटलीत नेला. ती महाबळेश्वरच्या तुतीचं आंबट करते, आणि तिच्या मते ती तुती जबलपूरच्या तुतीहून सरस. यावर घरात मतैक्य नाही. तिचा मुलगा हॉटेल व्यवसायात आहे. मुंबई-पुण्याच्या बारमध्ये हल्ली जिनबरोबर असली सिरक्याची फळसरबतं मिळतात, त्याला श्रब म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. त्याने मामीकडून सगळी मापं लिहून घेतली. चार वाट्यांच्या ऐवजी ग्रॅम मागितले. वहिनीने तराजू काढून मोजून दिले आणि शेवटी म्हणाली, वजन ठीक आहे रे, पण दसऱ्याला चाखायला मात्र माणूस लागतं.

न्यू जर्सीतल्या भावाला तिकडे ब्लूबेरी मिळते. त्याने ती सफरचंदाच्या सिरक्यात घालून पाहिली, रंग अगदी जांभळासारखा आला म्हणाला, तुरटपणा नाही. जांभळाचा तो घशाला धरणारा तुरटपणाच तर आपण जिभेवर घेऊन मोठे झालो. बंगळूरची धाकटी कोकमात रमली आहे. आजीची बरणी आता तिच्याकडे असते, आणि ती तिच्यासारखीच जपून वापरते.

फालसा मात्र कोणालाच जमलेला नाही. तो करंडीत टिकत नाही, कुरिअरने पोचत नाही, आणि गोठवून विकतात त्याला ती चव नाही. फालसे हवे असतील तर मेमध्ये जबलपूरलाच जावं लागतं. या वर्षी आमच्यातल्या चौघांचं जायचं ठरतंय. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि मेलला त्या दिवसांत पहिल्या तासातच वेटिंग लागतं, म्हणून दादाने मार्चच्या तारखा सगळ्यांना आत्ताच कळवून ठेवल्या आहेत. वहिनीने निळ्या काठाचं पातेलं खाली काढून पोपडे उडालेत का ते बघितलं. थोडे उडालेत, पण आतून शाबूत आहे.